पोलादी कमानपुलाची अभ्यासभेट : अहमदाबादचा एलिस पूल आणि महाविद्यालयीन अध्यापन

सारांश

पूल ही केवळ स्थापत्य अभियंत्यांच्या अभ्यासाची वस्तू नाही. नदी, माती, धातू, पैसा, प्रशासन आणि लोकजीवन या सर्वांचा मेळ एका पुलात पाहावयास मिळतो. प्रस्तुत लेखात अहमदाबाद येथील साबरमती नदीवरील एलिस पुलाच्या आधारे पोलादी कमानपुलाची रचना, तिच्यामागील कारणे व तिचा सामाजिक परिणाम यांचे विवेचन केले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नद्या व पूल यांच्याशी तुलना करून अशा पुलाची अभ्यासभेट विविध विद्याशाखांना कशी उपयोगी पडेल, तसेच ती सुरक्षितपणे कशी घडवावी, याचाही विचार केला आहे.

प्रस्तावना

नवीन शैक्षणिक धोरण, २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक मिळाले आहेत. त्यामुळे महाविद्यालयांतील शैक्षणिक सहलींकडे नव्याने पाहणे आवश्यक झाले आहे. सहल निघते, स्थळ पाहिले जाते, छायाचित्रे काढली जातात आणि अहवाल लिहिला जातो. परंतु त्या अहवालात स्थळाचे वर्णन असते, स्थळासंबंधीचा प्रश्न नसतो. किल्ला, मंदिर वा धरण यांच्या भेटीची निदान परंपरा तरी आहे. पूल मात्र बहुधा ओलांडला जातो, पाहिला जात नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात गोदावरी, प्रवरा, मुळा, सीना, भीमा या नद्यांवर लहानमोठे अनेक पूल आहेत. त्यांत दगडी कमानींचे जुने पूल आहेत, काँक्रीटचे नवे पूल आहेत, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे फरशी पूल आहेत आणि वाटेसारखे वापरले जाणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारेही आहेत. मात्र शहरातील मोठ्या नदीवर एकामागून एक उभ्या असलेल्या पोलादी कमानींचा पूल जिल्ह्यात नाही. पूर्वीच्या मुंबई प्रांताचा विचार केल्यास त्याचे ठळक उदाहरण अहमदाबादेत सापडते. अहमदनगर व अहमदाबाद ही दोन्ही शहरे १९६० पर्यंत एकाच प्रांतात, व नंतर एकाच राज्यात, नांदत होती. एका शहराला दगडी पूल पुरले आणि दुसऱ्याला पोलादी कमान उभारावी लागली, असे का घडले? हाच या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

कमानीचे कार्य

सरळ तुळईवर भार पडला की ती वाकते. तिच्या वरच्या भागावर दाब येतो, खालच्या भागावर ताण येतो. दगड दाब उत्तम सोसतो, परंतु ताण त्याला सोसत नाही. म्हणून दगडाची लांब तुळई मध्येच तडकते. कमानीने ही अडचण दूर केली. कमानीचा आकार असा असतो की तिच्यावरील भार एका दगडाकडून दुसऱ्याकडे दाबाच्या रूपाने सरकत जातो व शेवटी आधारापर्यंत पोहोचतो.

परंतु कमानीला या सोयीची किंमत मोजावी लागते. ती आधाराला खाली दाबते, त्याचबरोबर बाहेरही ढकलते. रंगकाम करणाऱ्याची दोन पायांची शिडी गुळगुळीत फरशीवर उभी केली तर तिचे पाय दोन्हीकडे सरकू लागतात, तसाच हा प्रकार आहे. या आडव्या ढकलण्याचे प्रमाण सोप्या सूत्राने काढता येते. गाळ्याची लांबी ‘ल’, कमानीची उंची ‘उ’ आणि प्रतिमीटर समान पसरलेला भार ‘भ’ मानला, तर आडवे बल हे भ × ल × ल भागिले ८ × उ इतके येते.

उदाहरणादाखल ३० मीटरचा गाळा, ५ मीटर उंचीची कमान आणि प्रतिमीटर २ टन भार घेऊ. एकूण भार ६० टन होतो व प्रत्येक आधारावर उभा भार ३० टन येतो. आडवे बल मात्र ४५ टन येते. कमान आणखी चपटी करून तिची उंची ३ मीटर ठेवली तर हेच बल ७५ टनांवर जाते. उंची साडेसात मीटर केली तर ते ३० टनांवर उतरते. म्हणजे चपटी कमान दिसावयास नाजूक असली तरी आधाराला ती अधिक जड जाते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे गणित समजू शकेल.

यातूनच पुढचा प्रश्न निर्माण होतो. हे आडवे बल सोसावयाचे कोणी? त्याची उत्तरे तीन आहेत : काठावरचा कठीण खडक, शेजारची दुसरी कमान, किंवा कमानीची दोन टोके एकमेकांशी बांधून ठेवणारी ओढणी.

दगडाकडून पोलादाकडे

धातूच्या कमानपुलाची सुरुवात इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे १७७९ मध्ये सेव्हर्न नदीवर उभारलेल्या ओतीव लोखंडाच्या पुलापासून मानली जाते. त्याचा गाळा सुमारे ३० मीटरचा होता. ओतीव लोखंड दगडाप्रमाणेच दाबाला बळकट व ताणाला ठिसूळ असते, त्यामुळे त्या पुलाने दगडी कमानीचेच तंत्र धातूत उतरविले, असे म्हणता येईल. पुढे घडीव लोखंड आले. १८४९ मध्ये ब्रुनेल या अभियंत्याने विंडसर येथे टेम्स नदीवर धनुष्याच्या आकाराचा रेल्वेपूल बांधला. १८५६ मध्ये बेसेमर याने पोलाद निर्मितीची नवी पद्धती जाहीर केल्यावर पोलाद स्वस्त होऊ लागले. अमेरिकेतील सेंट लुईस येथे जेम्स ईड्सने मिसिसिपी नदीवर बांधलेला पूल १८७४ मध्ये खुला झाला. मोठ्या पुलाच्या कमानींसाठी पोलादाचा वापर प्रथम तेथेच झाला. हा पूल भार पेलेल की नाही याबद्दल लोकांना शंका होती. ती फेडण्यासाठी त्यावरून एक हत्ती चालविण्यात आला, असे नमूद आहे.

त्यानंतर पोर्तो येथील दोम लुईश पूल (१८८६), न्यूयॉर्कमधील हेल गेट पूल (१९१६) आणि सिडनीचा बंदरावरील पूल (१९३२) अशी कमानींची लांबी वाढत गेली. सिडनीच्या पुलाचा गाळा ५०३ मीटरचा आहे. शांघायमधील लुपू पुलाने २००३ मध्ये ५५० मीटर गाठले. भारतात जम्मू-काश्मीरमधील चिनाब नदीवरील रेल्वेपूल ६ जून २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याच्या कमानीचा गाळा ४६७ मीटरचा असून रुळांची पातळी नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे.

या यादीतील दोन उदाहरणे एलिस पुलाच्या संदर्भात विशेष बोलकी आहेत. चिनाब पुलाची कमान डोंगराच्या खडकावर दोन्हीकडून टेकली आहे, म्हणजे तिचे आडवे बल डोंगर सोसतो. शांघाय शहर मात्र मऊ गाळावर वसलेले आहे. त्यामुळे लुपू पुलाच्या कमानीची टोके आडव्या पोलादी दोरांनी बांधून घ्यावी लागली. कमानीचा प्रकार अभियंत्याच्या आवडीपेक्षा त्या ठिकाणची जमीनच अधिक ठरविते.

एलिस पुलाचा इतिहास

अहमदाबाद शहर १४११ मध्ये सुलतान अहमदशहाने साबरमतीच्या पूर्व तीरावर वसविले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शहराचा मुख्य विस्तार तटबंदीच्या आत, पूर्व तीरावरच होता. १८७०च्या सुमारास नदीवर पहिला पूल बांधण्यात आला. तो लाकडी होता. १८७५ च्या महापुरात पूर्वेकडील दोन गाळे वगळता तो वाहून गेला.

या घटनेवरून पुण्याच्या लाकडी पुलाची आठवण मराठी वाचकास सहज होईल. पानिपतच्या लढाईनंतर, १७६१ मध्ये मुठा नदीवर बांधलेला तो पूल पुढे पुरात गेला, त्याच्या जागी दगडी पूल आला, परंतु लोकांच्या बोलण्यात ‘लकडी पूल’ हेच नाव राहिले. अहमदाबादेतही काहीसे असेच घडले. उत्तर विभागाचे आयुक्त बॅरो हेल्बर्ट एलिस यांचे नाव पुलाला मिळाले. पुलाच्या दोन्ही अंगांस पुढे नवे पूल झाले व त्यांना स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले, तरी सामान्य नागरिक आजही ‘एलिसब्रिज’ असेच म्हणतो. पश्चिम तीरावरील वस्ती आणि तेथील विधानसभा मतदारसंघ यांनाही तेच नाव आहे.

सध्याचा पोलादी पूल १८९२ मध्ये पूर्ण झाला. त्याचे काम हिंमतलाल धीरजराम भचेच या भारतीय अभियंत्याने पाहिले. पोलाद बर्मिंगहॅमहून आणविण्यात आले होते. सरकारने या कामासाठी सुमारे ५ लाख रुपयांचा अंदाज धरला होता. भचेच यांनी ते सुमारे ४ लाख ७ हजार रुपयांत पूर्ण केले. म्हणजे अंदाजापेक्षा अठरा टक्क्यांहून अधिक बचत झाली. या बचतीचे प्रथम कौतुक झाले नाही. काम स्वस्तात झाले त्या अर्थी माल हलका वापरला असावा, असा संशय सरकारला आला व चौकशी समिती नेमली गेली. चौकशीत काम उत्तम प्रतीचे ठरले आणि भचेच यांना ‘रावसाहेब’ हा किताब मिळाला.

ही कथा वाणिज्य व लोकप्रशासन या विषयांच्या अध्यापकांनी अवश्य वर्गात मांडावी अशी आहे. अंदाजपत्रकापेक्षा खर्च वाढला तर त्याची कारणे विचारली जातात. खर्च कमी झाला तर प्रामाणिकपणावरच शंका घेतली जाते. या दुसऱ्या स्थितीत निर्णय देण्याचे एकमेव साधन म्हणजे झालेल्या कामाची तटस्थ तपासणी. एलिस पुलाच्या बाबतीत ती झाली. तिचा निष्कर्ष किती योग्य होता याची साक्ष पुलाने शंभर वर्षांहून अधिक काळ दिली आहे.

वाहतूक वाढली तसा हा पूल अपुरा पडू लागला. त्याची लांबी सुमारे ४३० मीटर असली तरी रुंदी सहा मीटरहून थोडीच अधिक आहे. त्यामुळे गेल्या शतकाच्या अखेरीस त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे समांतर पूल बांधण्यात आले आणि मधला पोलादी पूल वाहनांसाठी बंद झाला. जुना पूल पाडून तेथून जलद बससेवेचा मार्ग न्यावा, असा प्रस्ताव २०१२ च्या सुमारास पुढे आला होता. नागरिकांनी त्यास विरोध केला व पूल टिकला. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादच्या ऐतिहासिक शहरास जागतिक वारसा यादीत स्थान दिले. असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर होय. २०२४ मध्ये पुलाच्या जीर्णोद्धारासाठी सुमारे ३२ कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी देण्यात आली.

धनुष्य आणि प्रत्यंचा

एलिस पूल हा एका लांब कमानीचा पूल नाही. एकामागून एक असलेल्या अनेक पोलादी कमानींची ती माळ आहे. प्रत्येक गाळ्यात रस्ता खाली व कमान वर आहे. कमानीची दोन्ही टोके रस्त्याच्या पातळीवरील पोलादी पट्ट्याने जोडली आहेत. ताणलेल्या धनुष्यात लाकडाची काठी बाहेर उघडू पाहते व प्रत्यंचा तिला धरून ठेवते. येथे कमान म्हणजे धनुष्य व खालचा पट्टा म्हणजे प्रत्यंचा. वर उल्लेखिलेल्या शिडीच्या दोन पायांना दोरी बांधली की ती सरकत नाही, तत्त्व तेच. कमानीवर दाब असतो, पट्ट्यावर ताण असतो आणि त्या दोहोंमधील उभे व तिरपे दांडे भार वाटून देतात.

यामुळे खांबावर मुख्यतः उभा भार येतो. साबरमतीच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक होती. नदीचे पात्र रुंद व वाळूचे असून कठीण खडक सहज हाती लागत नाही. वाळूत उभ्या केलेल्या खांबाला खाली दाबणे एक वेळ चालते. त्याला आडवे ढकलणे धोक्याचे असते. प्रत्यंचेने हे आडवे बल गाळ्यातल्या गाळ्यातच मिटविले.

दुसरा लाभ असा की प्रत्येक गाळा स्वतंत्र राहिला. दगडी कमानींच्या मालिकेत शेजारशेजारच्या दोन कमानी मधल्या खांबाला परस्परविरुद्ध दिशांनी ढकलतात व तो स्थिर राहतो. त्यांपैकी एक कमान पडली की खांबावरचा तोल जातो व पुढची कमानही कोसळू शकते. बांधलेल्या कमानीत तसे होत नाही. एक गाळा गेला तरी त्याचा शेजारी केवळ त्या कारणाने पडत नाही.

तिसरा मुद्दा उष्णतेचा. पोलाद तापले की वाढते. ३० मीटर लांबीच्या पट्ट्याचे तापमान ५० अंशांनी वाढले तर त्याची लांबी सुमारे १८ मिलिमीटरने वाढते. म्हणून अशा गाळ्याचे एक टोक घट्ट व दुसरे सरकते ठेवण्याची पद्धत आहे. या सरकत्या टोकात माती साचून ते अडकले तर वाढलेले पोलाद खांबालाच रेटू लागते. सिडनीच्या पुलाची कमान दोन्हीकडे बिजागरीवर टेकलेली असल्याने तिला लांबीत वाढता येत नाही. ती उंच होते. तिचा माथा ऋतुमानाप्रमाणे सुमारे १८ सेंटिमीटर वरखाली होतो.

अहिल्यानगर जिल्ह्याशी तुलना

अहिल्यानगर जिल्हा दख्खनच्या पठारावर, बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात आहे. या प्रदेशातील अनेक नद्यांच्या पात्रांत खडक उघडा दिसतो किंवा थोड्या खोलीवर लागतो. तोच काळा पाषाण बांधकामासही मिळतो आणि दाब सोसण्यात तो उत्कृष्ट असतो. पायाला खडक, कमानीला दगड व हाताशी पाथरवट असताना परदेशातून पोलाद आणण्याचे कारण रस्त्यांच्या पुलांना सहसा पडले नाही. पूर्वीच्या रस्त्यांवर दगडी कमानी आढळतात त्या यामुळे. साबरमतीकाठी यांपैकी पहिलीच अट पूर्ण होत नव्हती.

रेल्वेची गोष्ट वेगळी होती. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. भीमेपासून गोदावरीपर्यंतच्या नद्या तो ओलांडतो. आगगाडीचा भार जड व हलता असतो, शिवाय काम लवकर उरकावयाचे असते. त्यामुळे रेल्वेने भारतभर धातूच्या तुळया व जाळीदार सांगाडे वापरले. भेटीपूर्वी अध्यापकांनी विद्यार्थ्यांना जिल्ह्यातील एखादा दगडी कमानपूल व एखादा रेल्वेपूल दुरून दाखविला, तर अहमदाबादेत काय पाहावयाचे याची दृष्टी आधीच तयार होईल.

तुलनेचा आणखी एक पैलू भाराचा आहे. जुने पूल ज्या काळी बांधले गेले तेव्हा त्यांवरून बैलगाड्या व हलकी वाहने जात. १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, त्यानंतर जिल्ह्यात कारखाने वाढले आणि हंगामात उसाचे ट्रक व दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यांवर आले. पूल तोच राहिला, भार बदलला. अहमदाबादने जुन्या पुलाचा भार काढून घेतला व शेजारी नवे पूल उभारले. जिल्ह्यातील कोणत्या पुलांना अशी निवृत्ती देणे आवश्यक आहे, हा प्रश्न स्थानिक क्षेत्र प्रकल्पाचा उत्तम विषय ठरू शकतो. हंगामातील एका दिवसात एखाद्या जुन्या पुलावरून किती व कोणती वाहने गेली याची साधी नोंदसुद्धा उपयोगी माहिती देऊन जाईल. अशी नोंद पुलावर उभे न राहता, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावरून घ्यावी.

भेटीत काय पाहावे

जुना पूल वाहनांसाठी बंद असल्याने व त्याच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यात आल्याने त्याचे निरीक्षण शेजारच्या पुलाच्या पदपथावरून किंवा नदीकाठच्या रस्त्यावरून करणे योग्य. पुलाची बाजू पूर्ण दिसावी यासाठी काठावरून थोडे दूर जावे लागते. एलिस पूल व सरदार पूल यांच्या दरम्यान २०२२ मध्ये खुला झालेला अटल पादचारी पूल आहे. जुन्या व नव्या पोलादी रचनेची तुलना एकाच ठिकाणी करण्याची सोय त्यामुळे झाली आहे.

भौतिकशास्त्र व गणिताच्या विद्यार्थ्यांनी एका गाळ्याचे छायाचित्र घेऊन लांबी व उंची यांचे गुणोत्तर काढावे आणि वरील सूत्राने आडव्या बलाचा अंदाज करावा. कोणता दांडा दाबात व कोणता ताणात आहे, हे आकृतीवर दोन रंगांनी दाखवावे. दाबातला दांडा वाकण्याची भीती असल्याने तो जाड ठेवावा लागतो. ताणातला दांडा सडपातळ चालतो. हे डोळ्यांनी ओळखण्याचा सराव फार मोलाचा आहे.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गंजाकडे लक्ष द्यावे. जुन्या पोलादी रचनेत पट्ट्या रिव्हेटने जोडलेल्या असतात. दोन पट्ट्यांच्या फटीत पाणी व धूळ साचते आणि गंजाची सुरुवात बहुधा तेथून होते. गंजाचे आकारमान मूळ धातूहून अधिक असल्याने तो पट्ट्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो. वरचा रंग चांगला दिसत असला तरी आतला सांधा निकामी झालेला असू शकतो.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना नदीचाच अभ्यास करता येईल. साबरमती पूर्वी वर्षाचा बराच काळ जवळजवळ कोरडी असे. १९७६ च्या वासणा बंधाऱ्यामुळे व पुढे नर्मदा कालव्याच्या पाण्यामुळे शहरातील पात्र आता भरलेले दिसते आणि दोन्ही काठ भिंतींनी बांधले गेले आहेत. दिसणारे पाणी या नदीचे की दुसऱ्या नदीचे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचार करावयास लावील. मुळा व भंडारदरा धरणांच्या कालव्यांवर वाढलेल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस तो मुळीच परका वाटणार नाही.

इतिहास व समाजशास्त्राच्या दृष्टीने पुलाची दोन टोके म्हणजे दोन निराळी प्रकरणे आहेत. पूर्व टोकाजवळ शहराच्या स्थापनेशी जोडला जाणारा माणेक बुरूज आहे. नदीच्या पात्रात, पुलाच्या छायेत भरणारा रविवारचा गुजरी बाजार हा येथील जुन्या वस्तूंचा, अवजारांचा व पुस्तकांचा बाजार. नदीकाठाच्या विकासानंतर त्यास नव्या बांधीव जागेत जावे लागले. पूर्व टोकाजवळच पूर्वीची व्हिक्टोरिया बाग आहे. सरदार वल्लभभाई पटेल नगरपालिकेचे अध्यक्ष असताना त्या बागेत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसविण्याचे ठरले आणि १९२९ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. राणीच्या नावाच्या बागेत राजद्रोहाची शिक्षा भोगलेल्या नेत्याचा पुतळा उभा राहावा, यातील अर्थ विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावा. पुढे याच नगरपालिकेचे अध्यक्षपद गणेश वासुदेव मावळंकर यांनी भूषविले. ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. पश्चिम टोकाकडे मात्र पुलानंतरचे शहर आहे : महाविद्यालये, बंगल्यांच्या वसाहती व नवी बाजारपेठ. पूल शहरास जोडतो हे खरेच, पण तो शहराची नवी विभागणीही करतो. जुने व नवे, दाट व प्रशस्त हे भेद नदीच्या दोन काठांवर स्पष्ट दिसतात.

सुरक्षितता हा अभ्यासाचाच भाग

पुलाची भेट आखताना सुरक्षिततेची सूचना अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहून भागत नाही. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला व चार जणांचा मृत्यू झाला. तो दिवस रविवारचा होता आणि माणसे नदी पाहावयास जमली होती. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील मोरबी येथे झुलता पूल तुटून १३५ जण मृत्युमुखी पडले. तेथेही पूल हेच सहलीचे ठिकाण होते.

माणसांच्या गर्दीचा भार किती असतो, याचा अंदाज सामान्यतः नसतो. पादचारी मार्गासाठी भारतीय मानकांत प्रतिचौरस मीटर सुमारे ४०० किलो, व दाट गर्दीची शक्यता असल्यास ५०० किलो भार धरतात. ३० मीटर लांब व २ मीटर रुंद पादचारी पूल माणसांनी दाटून भरला, तर ४०० किलोच्या हिशेबानेही तो भार २४ टन होतो, म्हणजे ६५ किलो वजनाची सुमारे ३७० माणसे. ही माणसे एकाच कठड्याकडे धावली तर भार एका बाजूस एकवटतो. मोरबीच्या दुर्घटनेनंतर अहमदाबादच्या अटल पुलावर तासाला ३००० माणसांची मर्यादा घालण्यात आली. हा पूल भक्कम असूनही ती घालावी लागली, यातच मर्यादेचे महत्त्व आहे.

पूल पडण्याची सर्व कारणे वरून दिसत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानपूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह काही वाहने वाहून गेली. पुराचे पाणी खांबाभोवती भोवरे करते व पायाखालची माती उकरून नेते. पाणी ओसरल्यावर खड्डा पुन्हा गाळाने भरतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाहणाऱ्यास पाया जागेवर आहे असेच वाटते. म्हणून पुलाच्या तपासणीत पाण्याखालचा भाग, सरकते आधार व सांधे यांना प्रथम स्थान द्यावे लागते.

यावरून महाविद्यालयीन भेटीसाठी काही नियम सुचविता येतील. पुलाच्या वापराविषयी प्रशासनाने लावलेला फलक प्रथम वाचावा व तो अहवालात उतरून घ्यावा. बंद पुलावर कोणत्याही कारणाने जाऊ नये. मोठा गट एका गाळ्यावर उभा करून व्याख्यान देऊ नये. स्पष्टीकरण काठावर द्यावे व निरीक्षण लहान गटांनी करावे. एकत्र छायाचित्र काठावर घ्यावे. पुराच्या दिवसांत नदीवरील भेट ठेवूच नये. हे नियम पाळण्याआधी विद्यार्थ्यांनी वरील गर्दीच्या भाराचे गणित स्वतः करावे. कारण समजलेला नियम पाळला जातो. केवळ सांगितलेला नियम अध्यापकाची पाठ फिरेपर्यंतच टिकतो.

निष्कर्ष

एलिस पुलाची रचना साबरमतीच्या वाळूने ठरविली, अहिल्यानगर जिल्ह्यातील जुन्या पुलांची रचना बेसाल्टने ठरविली. पहिल्या ठिकाणी कमानीला प्रत्यंचा बांधावी लागली, दुसऱ्या ठिकाणी खडकानेच तिचा रेटा सोसला. भूमी, द्रव्य व भार यांच्यातील हा संबंध विद्यार्थ्याला एकदा उमगला की तो कोणत्याही पुलाकडे प्रश्न घेऊन पाहू लागतो.

एलिस पूल टिकला तो केवळ पोलादामुळे नव्हे. मूळ काम चोख होते, संशय आल्यावर त्याची तपासणी झाली, भार वाढल्यावर शेजारी दुसरे पूल उभारून त्याला मोकळे केले गेले आणि पाडण्याची वेळ आली तेव्हा नागरिक बोलले. या चारही गोष्टी कोणत्याही गावाच्या पुलास लागू पडतात. क्षेत्र प्रकल्पाच्या निमित्ताने जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील एका जुन्या पुलाची लांबी, रुंदी, बांधणीचे वर्ष, गाळ्यांची संख्या, वाहतूक व दिसणारे दोष यांची दरवर्षी नोंद ठेवली, तर काही वर्षांत त्या पुलाचा विश्वसनीय इतिहास तयार होईल. अशी नोंद अभियंत्याच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. परंतु ती तपासणी कोठे तातडीने व्हावी, हे संबंधित विभागास दाखवून देण्याइतकी ती निश्चित उपयुक्त ठरेल.